इनकॉग्निटोचा पडदा कुठपर्यंत?

आमच्या कोल्हापुरातल्या घरात बायकांमध्ये मिळून एकच स्मार्टफोन आहे. अम्मी त्यावर बयान ऐकते, धाकटी अभ्यास करते. आपाचा गर्भ का टिकत नाही, हे घर झोपल्यावर आम्ही दोघी बहिणी त्यावरच शोधतो. अशा वेळी इनकॉग्निटो कामाला येतो.

ती खिडकी बंद केली की पाहिलेल्या पानांची यादी, कुकीज आणि भरलेली माहिती फोनवर उरत नाही. घरातल्या नजरांपुरता हा पडदा खरा. पण डाउनलोड केलेला रिपोर्ट फोनमध्ये तसाच राहतो. तो आपल्या हाताने काढावा लागतो.

बाहेरच्यांना हा पडदा अडवत नाही. आपण कोणत्या साइटवर गेलो, हे नेट पुरवणाऱ्या कंपनीला कळू शकतं. ऑफिस-कॉलेजचं वायफाय असेल तर तिथेही. साइटला आपला आयपी पत्ता दिसतो आणि लॉगिन केलं तर आपण कोण तेही. इनकॉग्निटोमध्येही माहिती गोळा केल्याच्या आरोपावरून अमेरिकेत २०२० मध्ये गूगलवर दावा झाला. २०२४ च्या तडजोडीत कंपनीने अब्जावधी नोंदी नष्ट करायचं मान्य केलं.

म्हणून आम्ही लॉगिन न करता वाचतो, नाव-नंबर मागणारा फॉर्म भरत नाही. बाकीचं डॉक्टरीणबाईंना समोर बसून विचारतो.

तजस्सुस, म्हणजे दुसऱ्याचं खासगी खोदून काढणं, आपल्या दीनमध्ये मना आहे. भगिनींनो, एकमेकींचा फोन न चाळण्याची सवय घराला लागली, तर आपासारखीला आपलं दुःख वाचायला रात्र होण्याची वाट पाहावी लागणार नाही.