जेवणावेळची सूज

गेल्या श्रावणात सासूबाई पानावर बसल्या, की जबड्याखाली सूज चढे व तासाभराने ओसरे. “गालगुंडच हे!” असे म्हणून आम्ही महिनाभर लेप लावीत राहिलो. परंतु गालगुंडाची सूज बहुधा कानाखाली, ज्वरासह येते व काही दिवस टिकते. जेवणापुरती येत नाही. डॉक्टरांनी जिभेखाली बोट फिरविताच लाळेच्या नलिकेत अडकलेला खडा त्यांना लागला. लिंबाचे लोणचे पाहून लाळ सुटे, तिला वाट मिळेना, म्हणून ग्रंथी फुगे. उपवासात पाणी बेताचेच पिण्याची सवयही खड्यास पोषक झाली असावी. खडा निघाला, सूज गेली. मात्र न दुखणारी, न ओसरणारी गाठ अर्बुदाचीही असू शकते. तिच्यावर लेप लावून दिवस दवडू नयेत, एवढे शहाणपण आम्हांस आले.