गावानं माणसं मोजली तर

पर्यटकांची संख्या ठरवून देणारी गावं मला कायम शिष्ट वाटत आली. पोट भरलेल्यांची थेरं, असं मी चारचौघांत म्हणायचो. आमच्याकडच्या नागझिऱ्याच्या जंगलात गेटनुसार गाड्यांचा कोटा असतो, त्यावरून तर फुलचूरच्या चहाटपरीवर कित्येकांशी वाद घातला आहे. गोंदिया जिल्ह्यात धान आणि राईस मिल सोडल्या तर रोजगार तो किती? त्यात जंगल बघायला आलेला माणूस परत पाठवायचा, म्हणजे गाईडच्या ताटातला घास काढून घ्यायचा. हे माझं मत बर्गनमध्ये बदललं.

मुलीच्या आग्रहानं आम्ही दोघं नॉर्वेच्या क्रूझला गेलो. बर्गनला बोट स्कोल्टनच्या धक्क्याला लागली. तिथून ब्रिगेन, म्हणजे जुनी व्यापारपेठ, चालत काही मिनिटांवर. दिवसाला जास्तीत जास्त तीन क्रूझबोटी आणि ८,००० प्रवासी, अशी मर्यादा या शहरानं घातली आहे. ते ऐकूनही मी नाक मुरडलंच.

ब्रिगेन १९७९ पासून जागतिक वारसा यादीत आहे. १७०२ च्या आगीनंतर जुन्याच धाटणीनं पुन्हा उभारलेली ही लाकडी घरं. मधले बोळ इतके चिंचोळे, की समोरून कुणी आलं तर अंग चोरावं लागतं. अशा बोळात आमचा जथा कानाला यंत्र लावून गाईडचं ऐकत उभा. मागे डागडुजीचं काम करणारा एक सुतार खांद्यावर फळी घेऊन थांबला होता. आम्ही सरकलो, तोच दुसरा जथा आत शिरला. त्यानं फळी खाली उतरवली, भिंतीला टेकवली आणि खिशातून मोबाईल काढला.

मी जन्मभर राईस मिलमध्ये मुनीमकी केली. मनात आपोआप हिशेब सुरू झाला, की आपल्या येण्यानं या गावाला मिळालं काय? सकाळी बोटीवर भरपेट नाश्ता. जेवायला परत बोटीवर, कारण पैसे आधीच भरलेले. पाण्याची बाटलीसुद्धा तिथूनच भरून आणलेली. गावात खर्च काय, तर फ्लोयेन टेकडीवर जाणाऱ्या रेल्वेचं तिकीट आणि फ्रिजवर लावायचं एक चुंबक. माझ्या ‘गावाचा घास’ वगैरे युक्तिवादाला या जमाखर्चात आधारच सापडेना.

गंमत म्हणजे, याच ब्रिगेनमध्ये असे पाहुणे आधीही येऊन गेलेत. साधारण १३६० पासून इथे हान्सा संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांची पेढी होती. उत्तरेकडचे कोळी वाळवलेला कॉड मासा घेऊन यायचे, व्यापारी बदल्यात धान्य द्यायचे. तेही उधारीवर, म्हणजे पुढच्या हंगामाचा मासा आधीच गहाण. धानाच्या पट्ट्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. हे व्यापारी आपल्याच वाड्यांत राहायचे, स्थानिक मुलींशी लग्नाला बंदी. आगीच्या धास्तीनं घरांत चूलसुद्धा नाही. म्हणजे शहरात असून शहराचे नाहीत. आमची बोट तरी वेगळी काय होती?

बर्गनची मर्यादा मला आता रास्त वाटते. आठ हजारसुद्धा त्या बोळांना जास्तच आहेत. नागझिऱ्याचं मात्र पूर्ण पटलेलं नाही. तिथला जिप्सीवाला, गाईड आजूबाजूच्या गावांतलेच. गाडी कमी झाली की झळ त्यांनाच. तरी कोटा काढूनच टाका, असं आता मी म्हणत नाही. गेट मिळालं नाही म्हणून तणतणणाऱ्याची बाजूही घेत नाही.

क्रूझला जाणार असाल, तर बोट बंदराला लागेल त्या दिवशी तरी गावात जेवा. महाग पडेल, नॉर्वेत तर फारच. आणि नागझिऱ्याला येताना नागपूरहून डबे भरून आणू नका.