मोत्यांचे पाणी

आषाढी तोंडावर आली की तुमच्याही घरी देवघर घासायला निघत असेल. तांब्या-पितळेची उपकरणी चिंचेने लखलखीत होतात, समई उन्हात निथळत पडते आणि मग हात देवाच्या चांदीकडे वळतो. त्या चांदीत मोती, पोवळे किंवा एखादा खडा बसवलेला असेल, तर जरा थांबा. माझ्या हातून जे घडले ते आधी ऐका.

आमच्या सासूबाईंनी, आम्ही त्यांना आक्का म्हणतो, अठरा वर्षे पायी वारी केली. मग गुडघे बोलू लागले आणि वारी थांबली. त्या वर्षी त्यांनी बोटातली पोवळ्याची अंगठी आणि कुड्यांतले मोती सोनाराकडे नेले आणि घरच्या विठोबासाठी चांदीचे पदक घडवून घेतले. मधोमध पोवळे, भोवती चार मोती, खाली एक लाल खडा. "माझ्याच्याने आता येणं होत नाही, एवढं गळ्यात असू दे," असे त्या देवाला म्हणाल्या होत्या. मी तिथेच उभी होते.

चार वर्षांपूर्वीची दशमी. आक्का संध्याकाळी कीर्तनाला गेल्या होत्या. पदक पार काळवंडले होते. उद्या एकादशी आणि देवाच्या गळ्यात असले काळे पदक, हे मला बघवेना. लिंबाची फोड रांगोळीत बुडवून खसाखसा घासले. तरी नक्षीतला काळेपणा हटेना, म्हणून मोबाईलवर पाहिलेला उपाय केला. पातेल्यात ॲल्युमिनियमचा कागद, त्यावर खाण्याचा सोडा, वर कढत पाणी, त्यात पदक. चांदी अशी उजळली म्हणता! पुसून दिव्याजवळ नेले, तेव्हा बाकीचे दिसले. पोवळे विटून पांढुरके झाले होते. मोत्यांचे पाणी गेले होते. लाल खड्याच्या आत काळसर डाग पसरला होता.

पहाटे पूजेला बसल्यावर आक्कांनी पदक हातात घेतले आणि पोवळ्यावरून अंगठा फिरवला. काही बोलल्या नाहीत. पूजा झाली, आरती झाली. मग म्हणाल्या, "काळं पडलं होतं तर राहू द्यायचं होतंस. ज्याच्या गळ्यात घालायचं, तो तरी कुठं गोरा आहे?"

द्वादशीचे पारणे होताच मी सोनाराकडे गेले. त्यांनी भिंग लावून पदक पाहिले आणि मला स्टुलावर बसवून समजावले. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या अंशामुळे. दागिन्याची चांदी बहुधा ९२.५ टक्के असते आणि उरलेले मुख्यतः तांबे, तेही काळवंडते. हा काळेपणा वरचा थर असतो, त्याने दागिना कुजत नाही. मोती आणि पोवळे मात्र खाणीतले दगड नव्हेत, समुद्रातल्या जीवांनी घडवलेला चुनाच तो. शहाबादी फरशीवर लिंबू सांडले की पांढरा डाग पडतो ना, तसेच मी मोत्यावर केले होते. रांगोळी म्हणजे शेवटी दगडाची पूड, तिने ओरखडे काढले. आणि त्या लाल खड्याच्या बंद कोंदणात, खड्याला चमक यावी म्हणून पाठीमागे पातळ पत्रा होता. सोनार त्याला डांक म्हणतात. कढत पाणी आत शिरले आणि डांक काळी झाली. काही कोंदणांत लाख भरलेली असते, ती उष्णतेने सुटते आणि खडाच निखळतो.

आपल्या नरहरी सोनारांची कथा तुम्हाला ठाऊकच आहे. डोळ्यांवर पट्टी बांधून विठोबाच्या कंबरेचे माप घेताना त्यांच्या बोटांना जे कळले, ते कळले. मी डोळे उघडे ठेवून चुकले होते.

तर माउली, आता आमच्या घरी असे चालते. अभिषेकाआधी खड्यांचे दागिने उतरवायचे, कारण पंचामृतातले दहीसुद्धा आंबटच. गंध, बुक्का, अत्तर सगळे वाहून झाले की दागिना शेवटी घालायचा. रात्री उतरवताना जुन्या मऊ धोतराच्या तुकड्याने कोरडा पुसायचा. नक्षीत बुक्का अडकला तर तान्ह्या बाळाचा ब्रश हलक्या हाताने. मोत्या-पोवळ्याला फार तर ओलसर फडके, लगेच कोरडे. स्फटिक, जांभळा ॲमेथिस्ट असे कठीण खडे उघड्या कोंदणात असतील, तर कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब चालतात. पाचूच्या बारीक भेगांत बहुधा तेल मुरवलेले असते आणि पिरोजा सच्छिद्र, म्हणून त्यांना पाण्यात बुडवायचे नाही. दुकानातल्या मशिनमध्ये धुऊन देतो म्हणाले तरी मोती, पोवळे आणि पाचू देऊ नका. टूथपेस्टचे नावही काढू नका.

ठेवताना मात्र पेच असतो. चांदीला घट्ट बंद डबी आणि आत खडूचा तुकडा मानवतो, पण मोती फार कोरड्या जागी राहिले तर तडकतात. नुसत्या चांदीच्या वाट्या आम्ही तशा डबीत ठेवतो, मोत्याचे पदक सुती कापडात. सोनार म्हणाले, सगळ्यात बरे म्हणजे वापरा, वापरातली चांदी कमी काळवंडते. म्हणून पदक आता सणापुरते काढत नाही, रोज देवाच्या गळ्यात असते.

सोनारांनी नवी डांक घातली आणि पोवळ्याला हलके पॉलिश केले. वरचा थर गेल्याने ते थोडे बारीक झाले. मोत्यांचे गेलेले पाणी परत येत नाही, नवे बसवून देतो म्हणाले. मी आक्कांना विचारले, तर म्हणाल्या, "माझ्या कानातले आहेत, तेच राहू दे."

यंदाही दशमीला मी पदक आणि धोतराचा तुकडा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी सावकाश पुसले, नक्षीतला काळेपणा तसाच सोडला आणि मंद झालेल्या मोत्यांवरून दोनदा फडके फिरवले.