सुईणीचा हात

ख्रिस बोजेलियनची १९९७ची ‘मिडवाइव्हज’ कादंबरी आमच्या ऑफिसात हातोहात फिरली. व्हर्माँटमधली बर्फाळ रात्र, फोन बंद, आणि बाई गेली असं समजून घरातच सिझर करणारी सुईण! लंच टाइमला दोन पार्ट्या पडल्या. ‘खुनीच ती!’ ‘अगं, बाळ वाचलं ना?’ मी गप्प. सातवा लागलाय ना!

घरी, कुर्ल्याला, आजीला गोष्ट सांगितली. तिची तिन्ही बाळंतपणं चाळीतल्या खोलीत, सुईणीच्याच हातची. म्हटलं, आता ही सुईणीची बाजू घेणार. आजी म्हणाली, ‘हात चांगला होता गं तिचा. रात्रभर पाठ चोळायची. पण मधला राहिला नाही. तू आपली हॉस्पिटलातच जा.’

नाव घातलंय. पाठ चोळायला आजी येणार आहे!