लांडगा आला रे आला

शुक्रवारी रात्री पावणेतीनला फोन कोकलला. ऑन-कॉलचा आठवडा माझा होता. कुठल्याशा सर्व्हरची डिस्क ८५ टक्के भरली होती. डोळे चोळत लॅपटॉप उघडला, जुन्या लॉग फाइल्स उडवल्या, परत आडवा झालो. चार वाजता पुन्हा तेच. मग मात्र डोकं फिरलं. अलर्टची मर्यादा ८५ वरून ९५ केली, टीमला मेल टाकला, "नॉईज कमी केलाय", आणि गाढ झोपलो. आमच्या धंद्यात अशा कामाचं कौतुकच होतं. अलर्ट कमी म्हणजे सिस्टिम धडधाकट, असा एक सोयीचा समज आहे.

शनिवारी दुपारी हा किस्सा मी माझ्या केनियन मित्राला फोनवर रंगवून सांगितला. त्याला हसू येईल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "डिस्क का भरतेय ते बघितलंस का?"

नव्हतं बघितलं.

त्याची थोडी ओळख करून देतो. हा पुण्यात शिकायला होता आणि आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायचा. मक्याच्या पिठाची उगाली करायचा, आपल्या उकडीसारखीच, पण सुरीने कापता येईल इतकी घट्ट. माझ्या आईला 'काकू' म्हणायचा. स्वाहिलीतही चहाला चाई, गाडीला गारी आणि चपातीला चपातीच म्हणतात, हे त्याच्याकडूनच कळलं. आता तो आफ्रिकेच्या त्या टोकाला एका प्रादेशिक संघटनेसाठी काम करतो. हुद्दा काय, तर संघर्षाची पूर्वसूचना देणारा विश्लेषक. म्हणजे कुठे मारामाऱ्या पेटणार आहेत हे पेटायच्या आधी सांगायचं. मी गमतीने त्याला 'ज्योतिषी' म्हणायचो. हल्ली म्हणत नाही. का, ते सांगतो.

या प्रकारच्या कामाचं नावाजलेलं उदाहरण म्हणजे इगॅड या संघटनेची 'सेवार्न' ही यंत्रणा. इगॅड ही इथिओपिया, केनिया, युगांडा, सोमालिया वगैरे देशांची संघटना. १९८६ साली निघाली ती दुष्काळाशी लढायला. पुढे लक्षात आलं की दुष्काळ आणि भांडणं एकाच विहिरीवर पाणी भरतात. मग २००२ साली सेवार्नचा करार झाला. तिचं ऑफिस अदिस अबाबाला. सुरुवात झाली ती गुरांपासून. केनिया, युगांडा, इथिओपिया आणि आजचा दक्षिण सुदान यांच्या सीमा जिथे भिडतात त्या करामोजा पट्ट्यात तुर्काना, पोकोत, करामोजोंग, तोपोसा असे पशुपालक समाज राहतात. गुरं हीच त्यांची बँक, हाच लग्नातला ऐवज. एकमेकांची गुरं पळवणं तिथे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. पण पूर्वी भाले होते. १९७९ मध्ये इदी अमीनची राजवट कोसळली तेव्हा मोरोतोच्या लष्करी तळावरची हत्यारं लुटली गेली, आणि नंतर शेजारच्या युद्धांमधून बंदुका येतच राहिल्या. भाल्याने चार माणसं जायची तिथे बंदुकीने चाळीस जाऊ लागली. शिवाय पळवलेली गुरं थेट ट्रकात भरून बाजारात विकणारे व्यापारीही आले.

आता हे आधी कसं ओळखायचं? मला वाटायचं उपग्रह असतील, मोठमोठे स्क्रीन असतील. उपग्रहाची माहिती असते, नाही असं नाही. पण मुख्य काम करतो तो गावातला निरीक्षक. तिथलाच माणूस, तिथली भाषा बोलणारा. तो ठरावीक दिवसांनी एक लांबलचक फॉर्म भरतो. छापा पडला का, किती माणसं मेली, किती गुरं गेली, हा भाग असतोच. पण खरी मेख दुसऱ्या भागात आहे. दोन समाजांची देवघेव चालू आहे ना? शांततेच्या बैठका होताहेत का? कुणी नव्याने कुणाशी हातमिळवणी केली का? कुरणाची, पाण्याची स्थिती काय? विश्लेषक म्हणजे माझा मित्र हे सगळं एकत्र करून त्या भागात एरवी काय चालतं याच्याशी ताडून बघतो. मग वर सरकारांना आणि खाली स्थानिक शांतता समित्यांना सूचना जाते.

आणि अंदाज फार फसवतात. आपण म्हणू दुष्काळ पडला की मारामारी वाढणार. पण करामोजातल्या नोंदींचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला, त्यात उलट दिसलं. शांततेचे प्रयत्न आणि देवघेव कमी झालेली असताना रान हिरवं होऊ लागलं, की संघर्ष वाढतो. कारण एक शक्यता अशी की उंच गवतात लपून जाता येतं. पुण्यात बसून हे सुचणं शक्य नाही.

तर काही वर्षांपूर्वी एका रविवारी त्याने मला अशीच एक मोठी एक्सेल फाइल पाठवली. गावांच्या नावांऐवजी नुसते आकडे होते. म्हणाला, "फार गोंधळ झालाय, जरा साफ करून दे." मला काय, हातचा मळ! तासाभरात स्क्रिप्ट लिहिली. तोच आठवडा, तेच ठिकाण, तोच संकेतांक, म्हणजे डुप्लिकेट. अशा ४१ ओळी उडाल्या. फाइल पाठवून मी मिसळ खायला गेलो.

संध्याकाळी त्याचा फोन. रागावला नव्हता, पण आवाज वेगळा होता. "त्या ४१ मधल्या बऱ्याच ओळी डुप्लिकेट नाहीत रे. दोन वेगळ्या माणसांनी भरल्यात. एक या समाजाचा, एक त्या. ते एकमेकांशी बोलतसुद्धा नाहीत. दोघं एकाच आठवड्यात तेच सांगताहेत, यापेक्षा मौल्यवान ओळ माझ्याकडे दुसरी नसते."

मूळ फाइल त्याच्याकडे होती म्हणून निभावलं. पण मी बराच वेळ गप्प होतो. दहा वर्षांचा अनुभव, डेटा-डेटा म्हणून कॉलर ताठ, आणि मी नेमका पुरावाच कचरा म्हणून फेकला होता.

बरं, सूचना बरोबर असली तरी पुढे काय? १९९४ साली रवांडात संयुक्त राष्ट्रांच्या फौजेचे प्रमुख होते जनरल दालेअर. ११ जानेवारीला त्यांनी न्यूयॉर्कला तार केली की शस्त्रांचे साठे आहेत, कत्तलीची तयारी आहे, आम्हाला छापा घालू द्या. परवानगी मिळाली नाही. एप्रिलमध्ये नरसंहार सुरू झाला आणि सुमारे १०० दिवसांत ८ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. म्हणजे माहिती होती. ती वाचून हलणारं कुणी नव्हतं. केनियाच्या उत्तरेला तुर्बी गावात १२ जुलै २००५ च्या सकाळी हल्ला झाला. ५० हून अधिक माणसं गेली, त्यांत शाळेतली मुलंही होती. तिथला तणाव काही एका रात्रीत उगवला नव्हता.

मित्राचं म्हणणं, त्याच्या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट ही नाहीच. अवघड आहे ते यश. समजा त्याने सूचना दिली, दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बसली, चार गुरं परत केली गेली, आणि छापा पडलाच नाही. मग वर्षअखेरीला पैसे देणारे विचारतात, "तुम्ही सांगितलेलं कुठे झालं?" आपल्या गोष्टीत आपण त्या गुराखी पोराला खोटारडा ठरवतो. पण लोक काठ्या घेऊन धावले म्हणूनच लांडगा परत गेला नसेल कशावरून?

आणि आता ते 'ज्योतिषी' प्रकरण.

२००७ च्या ऑक्टोबरची गोष्ट. तो तेव्हा पुण्यातच होता. त्याचं घर रिफ्ट व्हॅलीत, दुसऱ्या समाजाच्या वस्तीला लागून. गच्चीवर बसलो असताना म्हणाला, "घरी काहीतरी बिनसलंय. शेजारी वीस वर्षं आमच्याकडून दूध घ्यायचे. या महिन्यात बंद केलं. कारण सांगत नाहीत." मी म्हटलं, "अरे, इलेक्शन आलंय ना, असं होतंच. आमच्याकडे पण होतं. नंतर सगळे परत चहाला येतात." मोठ्या अधिकारवाणीने म्हटलं होतं मी.

२७ डिसेंबरला मतदान झालं, ३० ला निकाल जाहीर झाला आणि केनिया पेटला. पुढच्या दोनेक महिन्यांत ११०० हून अधिक माणसं मारली गेली, लाखो बेघर झाली. ३१ डिसेंबरची रात्र आठवते. खाली सोसायटीत गाणी चालली होती, आणि हा आमच्या हॉलमध्ये जमिनीवर बसून पुन्हा पुन्हा घरचा नंबर फिरवत होता. लागत नव्हता. आईने त्याच्यासमोर वरणभात ठेवला, तो तसाच राहिला. तिसऱ्या दिवशी फोन लागला. माणसं वाचली होती. घर जळलं होतं. त्याचे वडील परत त्या गावात राहायला कधीच गेले नाहीत.

सेवार्नची यंत्रणा तेव्हाही होती. पण तिला काम दिलेलं होतं सीमेवरच्या पशुपालकांच्या भांडणांवर नजर ठेवण्याचं. निवडणुका तिच्या कक्षेत नव्हत्या. आपण ज्याच्यावर अलर्ट लावलेलाच नाही, ते रात्री पावणेतीनला फोन करत नाही! २०१२ नंतर तिची कक्षा वाढवली गेली. त्या जानेवारीत काही केनियन प्रोग्रॅमर आणि लिहिणाऱ्या मंडळींनी मात्र काही दिवसांत 'उशाहिदी' उभं केलं. लोकांनी एसेमेस किंवा ईमेल करायचा आणि कुठे काय घडतंय ते नकाशावर दिसायचं. स्वाहिलीत उशाहिदी म्हणजे साक्ष. आमचा हा तासन् तास ते बघत बसायचा. पुढे त्याने हेच काम का धरलं, हे मी त्याला कधी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

त्याने त्या ऑक्टोबरच्या बोलण्याचा विषयही कधी काढला नाही. मी मात्र शनिवारी काढला. म्हटलं, "तू दुधाचं बोलला होतास, आणि मी उडवून लावलं होतं."

तो म्हणाला, "तू ऐकून तरी काय करणार होतास? तू पुण्यात होतास." मग जरा थांबून, "पण मीसुद्धा तुझं ऐकून गप्प बसलो. घरी सांगितलं नाही की आत्याकडे जाऊन राहा." हे मला माहीत नव्हतं.

फोन ठेवताना त्याने सांगितलं की त्यांच्या फॉर्ममध्ये दुधासाठी वेगळा संकेतांक नाही. तरीही निरीक्षकांशी बोलताना तो शेवटी एक प्रश्न विचारतोच. दूध कोण कोणाकडून घेतंय?

असो. रविवारी सकाळी लॉग इन करून मर्यादा पुन्हा ८५ वर आणली. डिस्क का भरतेय ते शोधायला दीड तास लागला. एक जुना जॉब फसत होता आणि दर मिनिटाला तीच एरर लिहीत होता, बहुतेक गेले तीन आठवडे. टीमला दुसरा मेल टाकला की आधीचा मेल विसरा. अजून कुणाचं उत्तर आलेलं नाही.