टंचाई असेल, तर भाव कुठे आहे?

टंचाई म्हणजे काय, हे सेनगावच्या पेठेत कोणाला शिकवावे लागत नाही. २०२३ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर हिंगोली-वसमतच्या बाजारात क्विंटलला ६ ते ७ हजार रुपयांच्या आसपास विकली जाणारी हळद त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये १५ हजारांच्या घरात पोहोचली. लागवड घटली आहे की ती नुसतीच आवई आहे, हे ठरवण्यासाठी कोणी अहवाल मागवला नाही. भावानेच ते सांगितले. माल मिळत नाही म्हणून ओरडणारा आणि तरीही जुन्याच भावाने मागणारा खरेदीदार अडतीवर आला, तर अडत्या त्याला चहा पाजील, माल देणार नाही.

हाच व्यवहारचतुर मनुष्य मुलाच्या भवितव्याचा विचार करू लागला, की ही कसोटी दुकानातच ठेवून घरी येतो. संगणक अभियंत्यांचा जगभर तुटवडा आहे, अमेरिकेला माणसे मिळत नाहीत, असे सल्लागार सांगतो आणि ते खरे मानले जाते. परिचय पुस्तिकेत ‘आयटी, परदेशस्थ’ या दोन शब्दांना असलेले वजन पाहता त्यात नवल नाही. मग चाळीस-पन्नास लाखांचे कर्ज निघते आणि पेठेतली जागा बँकेकडे तारण राहते.

तुटवड्याची ही आरोळी जुनी आहे. २००५ साली नॅसकॉम आणि मॅकिन्झी यांच्या अहवालाने २०१० पर्यंत ५ लाख कुशल माणसे कमी पडतील असे भाकीत केले होते. भारतातील अभियांत्रिकी पदवीधरांपैकी केवळ २५ टक्केच बहुराष्ट्रीय कंपन्यांत कामाला लायक आहेत, असेही त्यात म्हटले होते. महाराष्ट्रात गावोगाव महाविद्यालये उघडली गेली. आता भाव पाहावा. २०१० च्या सुमारास मोठ्या कंपन्या नवपदवीधराला वर्षाला तीन-सव्वातीन लाख देत. आजही बहुतेकांची सुरुवात साडेतीन लाखांच्या आसपासच होते. सराफी हिशेब मांडला तर तेव्हाच्या वर्षाच्या पगारात सोळा-सतरा तोळे सोने येई. २०२५ मध्ये सोने तोळ्याला लाखाच्या पुढे गेले, तेव्हा त्याच पगारात जेमतेम तीन-साडेतीन तोळे बसू लागले. ज्या मालाची टंचाई आहे, तो इतका स्वस्त होत नाही.

अमेरिकेतील चित्र निराळे वाटते, पण तिथेही तेच सूत्र लागू पडते. १९९० च्या कायद्याने एच-१बी व्हिसा आला आणि वर्षाला ६५ हजारांची मर्यादा ठरली. कंपन्यांच्या आग्रहावरून २००१ ते २००३ या वर्षांसाठी ती १ लाख ९५ हजार झाली. नेमक्या त्याच काळात डॉट-कॉमचा फुगा फुटून तिथले हजारो प्रोग्रॅमर घरी बसले होते! पुढे २०१५ मध्ये फ्लोरिडातील डिस्नेचे प्रकरण गाजले. तिथे सुमारे २५० संगणक कर्मचाऱ्यांना कमी करण्यात आले आणि त्यांतील काहींना निघण्यापूर्वी भारतातून आलेल्या बदली माणसांना काम शिकवावे लागले. काम येणारी माणसे नव्हतीच, तर शिकवले कोणी?

कंपन्यांना कशाची वाण आहे, हे मराठवाड्यातील शेतकऱ्याला पटकन कळेल. पाडव्याला उचल घेऊन वर्षभरासाठी बांधलेला सालगडी मध्येच दुसऱ्या वाड्यावर जाऊ शकत नाही. गावात मजूर असतातच. मालकाला हवा असतो तो न हलणारा मजूर. एच-१बीवरील अभियंता एवढा अगतिक नसतो, त्याला मालक बदलता येतो. पण नोकरी गेल्यास ६० दिवसांत दुसरी शोधावी, नाही तर परतावे, असा नियम आहे. ग्रीन कार्डात कोणत्याही एका देशाचा वाटा ७ टक्क्यांहून अधिक नसावा या अटीमुळे भारतीयांची रांग दशकानुदशके सरकत नाही. अशा माणसाने पगारासाठी घासाघीस किती करावी?

खरी टंचाई कधी नसतेच, असे मात्र नाही. सन २००० च्या उंबरठ्यावर जुन्या कोबॉल प्रणालीतील तारखा दुरुस्त करणारे लोक खरोखर दुर्मीळ झाले होते आणि त्यांचा भाव वाढलाही होता. आजही काही मोजक्या विद्यांची तशीच स्थिती आहे. तिथपर्यंत पोहोचलेल्या मुलामागे कंपन्या स्वतःहून येतात. त्याला सल्लागाराची पायरी चढावी लागत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने देशाबाहेरून आणावयाच्या कर्मचाऱ्याच्या नव्या एच-१बी अर्जावर १ लाख डॉलरचे शुल्क लावले. ज्याचे खरोखर अडले आहे, तो हे शुल्क भरून माणूस नेईल. कोण किती नेतो, ते पेठेने पाहत राहावे. दरम्यान तारणाच्या कागदावर सही करण्यापूर्वी सल्लागाराकडे एकच गोष्ट मागावी: मागील दोन वर्षांत त्याने पाठवलेल्या प्रत्येक मुलाला कोणती नोकरी लागली आणि किती पगारावर, याची यादी. हळदीच्या पट्टीवर वजन आणि भाव दोन्ही लिहिलेले असतात, तशी.