शंभर वॅटचा उजेड

बाबांची भाऊबीज धुळ्याला असते. आत्या तिथे राहते. त्यामुळे दर दिवाळीत आमची गाडी अलकापुरीहून निघते आणि भरूच, बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर करत धुळ्याला पोहोचते. जाताना आम्ही दिवसा जातो. परतताना मात्र "जेवल्याशिवाय कसले निघता?" हा आत्याचा आग्रह असतो, आणि साक्री ओलांडल्यावर कोंडाईबारीचा घाट अंधारातच लागतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या जुन्या गाडीचे हेडलाइट मंद झाले होते. आर. सी. दत्त रोडवर ते जाणवायचं नाही. तिथे खांबांवरचे दिवे आणि दुकानांचा झगमगाट इतका, की आपले हेडलाइट चालू आहेत की नाहीत हेही कळू नये. घाटात मात्र रस्त्याची कड दिसेना. म्हणून त्या दिवाळीत निघण्याआधी मी गाडीचे मूळचे ६०/५५ वॅटचे बल्ब काढले आणि १००/९० वॅटचे बसवले. पहिला आकडा अप्परचा, दुसरा डिपरचा. खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की हे सार्वजनिक रस्त्यावर वापरण्यासाठी नाहीत. मी ते वाचलं आणि खोकं टाकून दिलं.

रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये दिवे लावले. समोरची भिंत लख्ख उजळली, लेकीने टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात बाबा फिरून आले आणि डोळ्यांवर हात धरून जागीच थांबले. "अरे, बंद कर ते! पायाखालचं काही दिसत नाहीये." त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता. मी उलट त्यांनाच म्हणालो, "बाबा, आता डोळा दाखवून घ्या."

धुळ्याहून परतताना साक्रीपर्यंत मी खुशीत होतो. घाटाच्या वळणांवर प्लॅस्टिक जळाल्यासारखा वास आला आणि थोड्याच वेळात दोन्ही डिपर पाठोपाठ गेले. मागे आई, बाबा आणि झोपलेली लेक. एका बाजूला दरी, मागून ट्रक. अप्पर चालू होता, पण तो लावला की समोरचे ट्रकवाले चिडून दिवे मारायचे, आणि त्या चमचमाटात मलाच काही दिसायचं नाही. शेवटी गाडी कडेला घेतली. एका ट्रकवाल्याने थांबून विचारपूस केली आणि म्हणाला, "साहेब, पार्किंग लाइट लावा आणि माझ्या मागे या." त्याच्या मागच्या लाल दिव्यांवर नजर ठेवून आम्ही विसरवाडीपर्यंत उतरलो. गाडीत कोणी एक शब्द बोललं नाही.

वडोदऱ्याला आल्यावर आमच्या नेहमीच्या मेकॅनिककाकांनी होल्डर काढून दाखवला. फ्यूज शाबूत होता, होल्डर वितळला होता. त्यांनी हिशेब समजावला. बारा व्होल्टवर ५५ वॅटचा बल्ब साधारण साडेचार अँपिअर करंट ओढतो, ९० वॅटचा साडेसात. वायर तीच, जोडही तेच. पण जोडातली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे ती अडीच पटींहून जास्त झाली.

मग त्यांनी मीटर लावला. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट, आणि हेडलाइटपाशी जेमतेम १२. "बल्बनो वांक नथी," काका म्हणाले. "टांकी भरेली छे, पाइप पातळी छे." अर्थची वायर गंजली होती, आणि सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या झिजलेल्या स्विचमधून फिरून येत होता. व्होल्टेज थोडं घटलं तरी हॅलोजनचा उजेड फार झपाट्याने घटतो. पावणेदोन व्होल्ट वाटेत सांडले, तर उजेडाचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग जातो. मूळचे बल्ब कमजोर नव्हतेच, त्यांच्यापर्यंत वीज पोहोचत नव्हती.

काकांनी अर्थचा जोड घासून साफ केला, नवे होल्डर बसवले आणि बॅटरीपासून फ्यूज घालून जाड वायर रिलेमार्गे थेट हेडलाइटपर्यंत नेली. आता स्विच फक्त रिलेला इशारा देतो. बल्ब पुन्हा ६०/५५चेच घातले.

शेवटी गाडी सपाट जागी भिंतीपासून दहा मीटरवर उभी करून त्यांनी डिपरचा नेम लावला. हेडलाइटच्या उंचीपेक्षा प्रकाशाची वरची कड भिंतीवर साधारण दहा सेंटिमीटर खाली आली. आपण डावीकडून चालवतो, म्हणून ती कड डाव्या बाजूला थोडी वर चढते. त्यामुळे आपल्याला रस्त्याची कड दिसते आणि समोरच्याचे डोळे वाचतात. हे सगळं बल्बमधली तार नेमक्या जागी असण्यावर अवलंबून असतं. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये कुठलंही एलईडी किट बसवलं, की प्रकाश भलतीकडे फाकतो तो याचमुळे.

त्या संध्याकाळी मी बाबांना पार्किंगमध्ये बोलावलं, बायकोला दिवे लावायला सांगितलं आणि त्यांच्या शेजारी गाडीसमोर उभा राहिलो. आधी डिपर. बाबांनी हात वर केला नाही. मग अप्पर लागला. साध्या साठ वॅटचा, तरी मी डोळे मिटले. उघडल्यावर पायाखालची फरशी दिसायला काही क्षण लागले. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू नाही. बाबा एवढंच म्हणाले, "रोज फिरायला जातो तेव्हा समोरून असेच येतात सगळे."

पुढे बाबांचं ऑपरेशन झालं, भाऊबीज अजून धुळ्यालाच असते. आपल्या मंडळातली बरीच तरुण मुलं आता घरची गाडी चालवतात, म्हणून हे लिहिलं. दिवे मंद वाटले, तर मोठा बल्ब घेण्याआधी एकदा मीटर लावून घ्या आणि नेम तपासून घ्या. अलकापुरीच्या उजळलेल्या रस्त्यांवर तर अप्पर लावूच नका. समोरून कोणाचे तरी बाबा चालत येत असतात.